‘क्रमशः’ आणि आपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानपीठावर आजवर मोठमोठी विद्वान मंडळी येऊन गेली. त्यांच्या पंक्तीत आम्हांस का बसविण्यात आले, याचा उलगडा आम्हांस अद्याप झालेला नाही. आम्ही साधे बी. ए., तेही इतिहास विषय घेऊन. पुढे सारी हयात केंद्र सरकारच्या हिशेब तपासणीच्या खात्यात गेली. दुसऱ्याने लिहिलेले वाचायचे, त्यात काय चुकले ते शोधायचे आणि समासात शेरा मारायचा, हा आमचा धंदा. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आम्ही विचार केला की साहित्यावर बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण साहित्याच्या समासात जे शेरे मारले जातात त्यांवर बोलण्याचा थोडासा अधिकार असू शकेल. म्हणून आजचा विषय आहे क्रमशः प्रसिद्ध होणारी कादंबरी आणि तिच्यावर वाचकांनी घेतलेले आक्षेप. या भाषणाच्या ओघात आम्हांस एक कबुलीही द्यायची आहे. ती शेवटी देऊ.

‘क्रमशः’ हा शब्द आज तरुण मंडळींना केवळ एक सूचना वाटत असेल. आमच्या लहानपणी तो एक दंड होता. मुंबई-हावडा मार्गावरील आपल्या या गावी मराठी साप्ताहिक नागपूरमार्गे मेलने येई. मुंबई-पुण्यास सोमवारी हाती पडणारा अंक आपल्याकडे गुरुवारी, कधी शुक्रवारीही पोचे. मंडळाचे वाचनालय म्हणजे रेल्वे इन्स्टिट्यूटने मेहेरबानी म्हणून दिलेल्या खोलीतले एक लोखंडी कपाट. अंक एक, कुटुंबे चाळीस. घरोघर फिरवायचा तर शेवटच्या घरी पोचेपर्यंत गोष्ट संपून जायची. म्हणून दर गुरुवारी सायंकाळी स्त्रिया त्या खोलीत जमत आणि एकीने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे, अशी चाल पडली. हातात निवडायला मेथी नाही तर विणायला स्वेटर असे. आम्ही त्या वेळी दहा-अकरा वर्षांचे. आईच्या मागोमाग जात असू आणि सतरंजीच्या कडेला बसून सारे ऐकत असू.

वाचन वीस मिनिटे चाले आणि त्यावरील चर्चा तासभर. नायिकेने सासूला ते उत्तर द्यायला नको होते, असे एकीचे म्हणणे. उत्तर दिले ते बरेच झाले, आणखी एक द्यायला हवे होते, असे दुसरीचे. खलनायकाचे नाव निघाले की मेथीच्या काड्या जरा जोरात तुटत. एक गोष्ट तेव्हा आमच्या ध्यानात आली नव्हती, ती पुढे आली. त्या बायका एरवी स्वतःच्या घरातले कधी बोलत नसत. परगावची वसाहत, सगळ्यांचे नवरे एकाच कचेरीत किंवा एकाच लोकोशेडमध्ये, बोललेले दुसऱ्या दिवशी वरिष्ठाच्या कानी जायचे. पण कादंबरीतल्या सासूविषयी बोलायला काय हरकत होती? ती तर कागदाची होती. जे स्वतःचे म्हणून सांगता येत नव्हते ते तिच्या नावाने सांगता येत होते.

ही काही आपल्याच वसाहतीची नवलाई नव्हे. क्रमशः कादंबरीचा वाचक जिथे जिथे झाला तिथे तिथे तो असाच वागला आहे. इंग्लंडात चार्ल्स डिकन्सने १८३६ साली ‘पिक्विक पेपर्स’ मासिक भागांनी काढण्यास आरंभ केला, तेव्हा पहिल्या भागाच्या शेकड्यांनीच प्रती खपल्या. चौथ्या भागात सॅम वेलर नावाचा एक हजरजबाबी नोकर आला आणि वाचकांनी त्याला उचलून धरले. अखेरच्या भागापर्यंत खप चाळीस हजारांवर गेला. त्यानंतर १८४०-४१ मध्ये ‘ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ ही कादंबरी आठवड्याच्या आठवड्याला निघू लागली. तिच्यातली नेल नावाची लहानगी पोर आजोबांसह वणवण फिरते, खंगत जाते. ही पोर आता मरणार, असा वास वाचकांना लागला आणि डिकन्सकडे पत्रांचा पाऊस पडला. तिला मारू नका, एवढीच साऱ्यांची विनवणी. डिकन्सने तिला मारले. लिहिताना तो स्वतः कष्टी झाला, परंतु मागे फिरला नाही. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर बोट लागण्यापूर्वीच लोक ओरडून विचारीत की नेल जिवंत आहे का, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो. गुरुवारी फलाटावर मेलची वाट पाहणाऱ्या आमच्यासारख्यांना ती खोटी वाटत नाही.

अखंड पुस्तक आणि क्रमशः कादंबरी यांत भेद कोणता? अखंड पुस्तक हाती येते तेव्हा त्यातले सारे घडून गेलेले असते. नायिका मेली असेल तर मेली. आपण फक्त ते कळून घेतो. क्रमशः कादंबरीत आजचा भाग आणि पुढचा भाग यांच्यामध्ये सात दिवस असतात आणि त्या सात दिवसांत पात्र जणू आपल्या शेजारी राहावयास येते. शिवाय लेखकाने पुढचे लिहिले आहे की नाही हे आपणास ठाऊक नसते. म्हणजेच अद्याप काही करता येण्यासारखे आहे, अशी आशा असते. रोगी अत्यवस्थ आहे, पण श्वास चालू आहे. अशा वेळी माणूस धावपळ करणारच. वाचकाची पत्रे ही त्या धावपळीचीच एक तऱ्हा होय.

आमच्या खात्याच्या सवयीप्रमाणे आम्ही या आक्षेपांची वर्गवारी केली आहे. ती तीन प्रकारची आहे.

पहिला प्रकार विनवणीचा. याला मारू नका, हिचे लग्न मोडू नका. नेलचे उदाहरण सांगितले. दुसरे सर्वांस माहीत असलेले शेरलॉक होम्सचे. आर्थर कॉनन डॉइलला त्याच्या कथा लिहून कंटाळा आला आणि डिसेंबर १८९३ च्या ‘स्ट्रँड’ मासिकात त्याने होम्सला स्वित्झर्लंडमधील रायखेनबाखच्या धबधब्यात लोटून दिले. वाचक खवळले. वीस हजारांवर वर्गणीदारांनी मासिक सोडले असे सांगतात. एका बाईने तर पत्राची सुरुवातच लेखकाला शिवी देऊन केली होती, असे डॉइलने स्वतः आपल्या आठवणींत नमूद केले आहे. आठ वर्षे तो बधला नाही. मग १९०१ मध्ये होम्सची एक जुनी हकीकत म्हणून ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ आली आणि १९०३ मध्ये होम्स चक्क जिवंत परतला. तो धबधब्यात पडलाच नव्हता, असा खुलासा झाला. आमच्या खात्याच्या भाषेत सांगायचे तर मागील नोंद चुकीची ठरवून दुरुस्तीची नोंद घेण्यात आली.

दुसरा प्रकार तक्रारीचा, आणि तो अधिक गंभीर आहे. १८४९-५० मध्ये ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ मासिक भागांनी येत असता डिकन्सने मिस माउचर नावाचे एक पात्र आणले. ठेंगणी, लोकांचे केस व नखे साफसूफ करण्याचा व्यवसाय करणारी, बोलघेवडी आणि काहीशी संशयास्पद वागणुकीची बाई. लंडनमध्ये त्याच अंगकाठीची आणि तशाच व्यवसायाची एक बाई खरोखरच राहत होती. तिने तो भाग वाचला आणि डिकन्सला लिहिले की देवाने दिलेल्या देहामुळे आजवर पुष्कळ सोसले, त्यात तुम्ही आणखी भर घातलीत. डिकन्स खजील झाला. त्याने तिची क्षमा मागितली आणि पुढे ठरविलेले सारे बदलून टाकले. नंतरच्या भागांत मिस माउचर सहृदय होऊन येते आणि एका बदमाशाला पकडून देते. समीक्षक म्हणतात की त्यामुळे पात्राची वीण बिघडली. बिघडली असेल. पण ज्या बाईला त्या रस्त्यावरून रोज चालायचे होते तिचे दुःख त्या विणीपेक्षा मोठे होते, हे डिकन्सने ओळखले, आणि आम्हांस तो त्या ठिकाणी फार मोठा वाटतो.

तिसरा प्रकार वादाचा. यासाठी आपण बंगालात जाऊ. नोकरीनिमित्त आम्ही चार वर्षे कलकत्त्यास होतो. तेथे दुपारच्या डब्याच्या सुटीत हिशेबाच्या फायली बाजूस सारून आमचे सहकारी रोहिणीविषयी भांडत. ही रोहिणी म्हणजे बंकिमचंद्रांच्या ‘कृष्णकांतेर उईल’ या कादंबरीतील तरुण विधवा. बंकिमबाबूंनी १८७२ साली ‘बंगदर्शन’ मासिक काढले आणि त्यातच ही कादंबरी क्रमशः आली. १८७८ मध्ये ती पुस्तकरूपाने निघाली. गोविंदलाल आपली पत्नी भ्रमर हिला सोडून रोहिणीबरोबर निघून जातो आणि शेवटी संशयावरून रोहिणीला गोळी घालतो. पुढे शरच्चंद्र चट्टोपाध्यायांनी जाहीरपणे विचारले की रोहिणीला असे मारण्याची गरज काय होती. ती तिच्या स्वभावाने मेली की समाजाची नीती राखण्यासाठी मारली गेली? गोविंदलालाचा शेवट मात्र बंकिमबाबूंनी स्वतःच बदलला. आधी तो तळ्यात जीव देतो असे होते, नंतरच्या आवृत्तीत तो संन्यासी होऊन परततो. ज्याने गोळी घातली त्याला मोक्षाची वाट मिळाली. जी मेली ती मेलेलीच राहिली. आमचे एक ज्येष्ठ सहकारी हे सांगताना आजही ताटावरून उठतील इतके संतापत. कादंबरी येऊन सव्वाशे वर्षे उलटून गेली होती.

रवींद्रनाथांचीही अशीच हकीकत आहे. त्यांची ‘घरे बाइरे’ १९१५-१६ मध्ये ‘सबुजपत्र’ मासिकात येत होती. कादंबरी अर्ध्यावर असतानाच एका वाचक स्त्रीने पत्र लिहून त्यांना विचारले की असले लिहिण्यामागे तुमचा उद्देश तरी काय. रवींद्रनाथांनी त्याच मासिकातून उत्तर दिले. गोष्ट सांगणे हाच गोष्टीचा उद्देश, असा त्या उत्तराचा मथितार्थ. आम्हांस त्यातील उत्तरापेक्षा त्यांनी उत्तर दिले हेच महत्त्वाचे वाटते. नोबेल पारितोषिक मिळून दोन वर्षे झालेला कवी एका वाचक बाईच्या आक्षेपास जाहीर उत्तर देण्याचे बंधन मानतो, यात त्या आक्षेपाचा केवढा मान आहे!

पुढे आमची बदली मद्रासेस झाली. तोवर शहराचे नाव चेन्नई झाले होते. तेथे कल्की यांची ‘पोन्नियिन सेल्वन’ भेटली. चोळ राजवंशाची ही विशाल कथा १९५० ते १९५४ अशी साडेतीन वर्षांहून अधिक काळ ‘कल्की’ साप्ताहिकात दर आठवड्यास येत होती. तिच्यातील युवराज आदित्य करिकालन याचा खून होतो आणि तो कोणी केला हे लेखकाने अखेरपर्यंत ठामपणे सांगितले नाही. कादंबरी संपली तेव्हा वाचकांनी तक्रार केली की इतकी वर्षे चालवून तुम्ही एकाएकी आटोपते घेतलेत. अमक्याचे पुढे काय झाले, तमकीचे लग्न झाले की नाही? कल्कींनी शेवटी एक निवेदन जोडून या शंकांना उत्तरे दिली आणि पात्रांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगितले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते वारले. आमच्या कचेरीतील एका सहकाऱ्याच्या मुलीचे नाव त्या कादंबरीतील एका राजकन्येवरून वानती असे ठेवले होते. २०२२ आणि २०२३ मध्ये या कादंबरीवर दोन भागांत चित्रपट आला तेव्हा त्या सहकाऱ्याचा फोन आला. चित्रपट कसा वाटला याविषयी तो चकार शब्द बोलला नाही. खून कोणी केला याबद्दलचे त्याचे जुने मत तेवढे त्याने पुन्हा एकदा सांगितले.

आता आपल्या घरी येऊ. मराठी क्रमशः कादंबरीचे खरे प्रस्थ हरिभाऊ आपट्यांनी वाढविले. त्यांची पहिली सामाजिक कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ साली ‘पुणेवैभव’ पत्रातून आली. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षांत कोण घेतो!’ त्यातून प्रसिद्ध होऊ लागली. यमू नावाची मुलगी आपली हकीकत स्वतः सांगते आहे: माहेर, सासर, नवऱ्याचा चांगुलपणा, त्याचा मृत्यू आणि त्यानंतर बळजबरीने झालेले केशवपन. ही कादंबरी चालू असताना बाहेर काय चालले होते ते पाहा. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि त्यावरून पुण्यात रणे माजली. पंडिता रमाबाईंचे शारदासदन त्याच सुमारास मुंबईहून पुण्यास आले होते. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला. म्हणजे जो प्रश्न सभांतून आरडाओरडा करून मांडला जात होता तोच प्रश्न दर आठवड्यास हळूच माजघरात शिरत होता. सभेत बहुतेक बायकांना बोलण्याची मुभा नव्हती. यमूसाठी डोळ्यांतून पाणी काढण्याला मात्र कोणाची परवानगी लागत नव्हती.

आमच्या पिढीने हाच प्रकार पुन्हा दूरदर्शनवर पाहिला. १९८४-८५ मध्ये ‘हम लोग’ ही हिंदी मालिका चालली.  प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येत, आज काय घडले त्यावर दोन शब्द बोलत आणि प्रेक्षकांच्या पत्रांचाही उल्लेख करीत. वसाहतीत ज्यांच्याकडे संच होता त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडे. पुढे वाहिन्या आल्या, मग मोबाइल आला. आता आक्षेप पोचायला सात दिवस लागत नाहीत; भाग संपण्याआधीच तो पोचलेला असतो. साधने बदलली, परंतु माणूस तोच आहे. त्याला अजूनही कोणाला तरी सांगायचे असते की हे असे व्हायला नको होते.

येथवर जगाचे सांगितले. आता जे सांगण्यासाठी आम्ही उभे राहिलो ते सांगतो.

आपल्या गुरुवारच्या वाचनास पोस्टाजवळ राहणाऱ्या एक काकू येत असत. जुन्या सभासदांना त्या आठवतील. नाव घेण्याचे कारण नाही. त्यांचे यजमान त्यांना व दोन मुलांना सोडून निघून गेले होते. काकूंनी शिवणकाम करून, उन्हाळ्यात लोणची-पापड करून मुले वाढविली. याविषयी त्या कधी बोलल्या नाहीत आणि आपल्या समाजानेही त्यांना कधी विचारले नाही. विचारले नाही यास आपण सभ्यता म्हणत होतो.

१९८१ च्या सुमारास एका साप्ताहिकात एक कादंबरी क्रमशः येत होती. साप्ताहिकाचे आणि लेखकाचे नाव आम्ही येथे घेत नाही. नायिकेला नवरा सोडून जातो. ती शाळेत नोकरी धरते, मुलगी वाढविते. काकू एकही गुरुवार चुकवीनाशा झाल्या. मग एका भागाच्या शेवटी, बारा वर्षांनंतर, पावसाळ्याच्या रात्री दारावर थाप पडते. बाहेर नवरा उभा. क्रमशः.

दुसऱ्या दिवशी काकूंनी आम्हांस घरी बोलावले. “तुझं अक्षर चांगलं आहे रे बाळ, एक पत्र लिहून दे,” असे म्हणून त्यांनी शाळेच्या वहीतला दुरेघी कागद पुढे केला. काकूंना लिहिता येत होते; पण थोर माणसाला जायचे पत्र, ते सुवाच्य हवे, असा त्यांचा आग्रह. त्यांनी सांगितले आणि आम्ही लिहिले. पत्र लांब नव्हते. आपण फार चांगले लिहिता, असे आरंभी होते. मग असे की, तिने दार उघडू नये. राग म्हणून नव्हे. बारा वर्षे तिने एकटीने दाराची कडी लावली आहे. ती कडी आता तिच्या हाताची झाली आहे. तो भिजत असेल तर त्याला छत्री द्यावी, शेजारी निजायची सोय करावी. पण दार उघडू नये. शेवटी ‘आपली एक वाचक’ एवढेच लिहावयास सांगितले. नाव घालू दिले नाही. पत्ता मंडळाचा दिला.

पुढच्या दोन गुरुवारी नायिका दाराआड उभी राहून विचार करीत होती. तिसऱ्या गुरुवारी तिने दार उघडले. नवरा पाया पडला, मुलगी ‘बाबा’ म्हणाली आणि कादंबरी संपली. वाचणाऱ्या बाईंनी अंक मिटला. कोणी काही बोलले नाही. एरवी तासभर चालणारी चर्चा त्या दिवशी झालीच नाही. काकूंनी सुई-दोरा डब्यात ठेवला, डबा बंद केला आणि त्या घरी गेल्या.

त्यानंतर काही दिवसांनी मंडळाच्या पत्त्यावर एक कार्ड आले. लेखकाने स्वहस्ते लिहिले होते. आपले पत्र पोचले. फार विचार करावयास लावणारे आहे. परंतु ते हाती आले तेव्हा अखेरचे भाग छापखान्यात गेले होते. आधी आले असते तर कदाचित काही निराळा विचार केला असता. आम्ही ते कार्ड धावत काकूंना नेऊन दिले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाल्या, “छापून झालं म्हणून खरं झालं होय?”

त्या काळी मंडळात एक पद्धत होती. कादंबरी पूर्ण झाली की तिची पाने अंकांतून कापून, क्रमाने लावून, पुठ्ठ्याची बांधणी करून कपाटात ठेवीत. हे शिवण्याचे काम काकूच करीत. ही कादंबरीही त्यांनीच शिवली. वर्षभराने आम्ही ती सहज उघडून पाहिली. शेवटच्या पानावर, जेथे दार उघडते तेथे, समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते: “तिने दार उघडले नाही.” त्याखाली आणखी दोघींच्या अक्षरांत दोन शेरे होते. एकीने लिहिले होते, “बरोबर.” दुसरीने लिहिले होते, “मी उघडले. चूक झाली.” ती दुसरी कोण होती हे आम्हांस कधीच कळले नाही. त्या खोलीत बसणाऱ्या सात-आठ बायकांपैकीच कोणी तरी.

शिक्षण आणि नोकरी यांमुळे आम्ही गाव सोडले. २००७ साली बदलीवर येथे परत आलो आणि दोन वर्षांनी मंडळाचे कार्यवाह झालो. मंडळाची स्वतःची वास्तू झाली होती, वाचनालयाची खोली संगणकवर्गासाठी हवी होती. जुनी मासिके, साप्ताहिके आणि बांधीव संच कोणी नेत नाही, वाळवी लागली आहे, असा अहवाल होता. कार्यकारिणीने ठराव केला. आम्ही यादी न पाहता सही केली. रद्दीवाल्याच्या पावतीवर वजन आहे शहाऐंशी किलो. जन्मभर दुसऱ्यांच्या पावत्या तपासणाऱ्या माणसाने आपल्याच पावतीखाली काय जाते आहे हे पाहिले नाही.

हे आमच्या ध्यानात कधी आले? काकू निवर्तल्यावर त्यांचा धाकटा मुलगा आपल्या मुलीला घेऊन येथे आला होता. तो म्हणाला, आईने शिवलेली ती कादंबरी मंडळात असेल, तिच्यात आईच्या हातचे काहीतरी लिहिलेले आहे असे ती सांगत असे. मुलीला दाखवायचे आहे. आम्ही त्याला कपाटापाशी नेले. कपाट नवे होते. त्यात स्पर्धा-परीक्षांची पुस्तके होती. काय सांगावे ते आम्हांस सुचेना. समासात काय लिहिले होते तेवढे मात्र आम्ही त्यास तोंडी सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बाबा एकदा आले होते, काका. मी सहावीत होतो. रात्रीची वेळ होती. आईने दार उघडलं नव्हतं. आम्हां दोघांना तिने तेव्हा सांगितलं की, वारा आहे.”

मंडळी, आम्ही पत्र लिहून देत होतो तेव्हा ते कादंबरीविषयी आहे अशी आमची समजूत होती.

म्हणून आज एवढेच म्हणावेसे वाटते. लेखकाने वाचकाच्या हाती लेखणी द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. डिकन्सने नेलला मारले ते त्याच्या कथेच्या न्यायाने योग्य असेल. होम्सला जिवंत केले ते कदाचित नसेलही. सगळ्यांचे ऐकून लिहिलेली गोष्ट ही कार्यकारिणीच्या ठरावासारखी होते. तीत चूक नसते आणि जीवही नसतो. परंतु वाचकाचा आक्षेप म्हणजे अडाणीपणा, कागदी माणसांसाठी रडणे, असे जे हसण्यावारी नेले जाते ते बरोबर नव्हे. आमच्या खात्यात एक शिकवण असते की आक्षेप फेटाळता येतो, पण नोंदल्यावाचून फेटाळता येत नाही. लंडनच्या त्या ठेंगण्या बाईचा आक्षेप नोंदला गेला. रवींद्रनाथांना लिहिणाऱ्या बाईचा नोंदला गेला. आमच्या काकूंचाही नोंदला गेला होता, समासात, पेन्सिलीने. ती नोंद आम्ही रद्दीत घातली.

मुलुखापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांची दप्तरे कोण ठेवणार? आपली नावे कुठल्या इतिहासात येत नाहीत. आपल्या बायकांनी काय सोसले, काय मनात आणले, कशाला होय म्हटले आणि कशाला नाही, हे जर कोठे उमटले असेल तर ते अशा समासांतच. तेव्हा सुवर्णमहोत्सवी वर्षात आमची मंडळास एक विनंती आहे. ज्यांच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, देव्हाऱ्याखाली असे बांधीव संच असतील, कापून ठेवलेली क्रमशः पाने असतील, त्यांनी ती आणून द्यावीत. चित्रांची पाने नसली तरी चालेल, शेवट नसला तरी चालेल. पेन्सिलीचे शेरे मात्र खोडू नयेत. त्यांची नोंदवही ठेवण्याचे काम आम्ही निवृत्तीनंतर विनावेतन करू. निवृत्तीस आता दोन वर्षे उरली आहेत.

नोंदवही आम्ही आजच आणली आहे. पहिल्या पानावर पहिली नोंद घातली आहे: ‘एक बांधीव कादंबरी, शिवण हाताची, शेवटच्या पानावर तीन शेरे. हस्तगत नाही. जबाबदारी: खाली सही करणार.’ तिच्याखाली आम्ही सही केली आहे. दुसरी ओळ रिकामी आहे.